घरातली शाळा आणि आईचे हात

दिवाळीची सुट्टी लागली की मराठी घरांत एक निराळीच शाळा भरते. तिला घंटा नाही, हजेरीपट नाही आणि गणवेशही नाही. अंगणात, आणि अंगण उरले नसेल तर सोसायटीच्या आवारातल्या एखाद्या कोपऱ्यात, मुले किल्ला करायला घेतात. विटा कोठून आणायच्या, गोणपाट कोणाकडे मागायचे, माती किती भिजवली म्हणजे कडा ढासळणार नाही, याचा विचार त्यांचा तीच करतात. राजगड करायचा ठरले तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या कोणत्या अंगाला घ्यायच्या यावरून भांडण जुंपते, आणि ते मिटवायला कोणाला तरी पुस्तक उघडावेच लागते. अळीव पेरले की थोड्या दिवसांत डोंगर हिरवा होतो. पण पाणी जास्त शिंपडले तर बी उतारावरून वाहून पायथ्याशी गोळा होते, हे कळायला कोणाच्या व्याख्यानाची जरूर पडत नाही. एरवी पुस्तकापाशी दहा मिनिटे न टिकणारा मुलगा जेवणाची हाक तीनदा ऐकूनही मातीतून उठत नाही, आणि आई दारात उभी राहून म्हणते, "हेच लक्ष अभ्यासात दिले असते तर!"

हा अभ्यास नव्हे असे त्या माउलीने कशावरून ठरवले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. सुट्टी संपते, किल्ल्यावरचे मावळे खोक्यात जातात आणि घरातली शाळा पुढच्या आश्विनापर्यंत बंद होते. परंतु अलीकडे पुण्यामुंबईत आणि इतरही शहरांत अशी काही कुटुंबे दिसू लागली आहेत, की त्यांनी ही शाळा बारा महिने चालू ठेवण्याचे ठरवले आहे. मुलांची नावे शाळेतून काढायची, किंवा मुळात घालायचीच नाहीत, आणि शिक्षण घरीच द्यायचे. इंग्रजीत याला होमस्कूलिंग म्हणतात. आपण घरशिक्षण म्हणू. शेजारीपाजारी अशा घराकडे थोड्या संशयानेच पाहतात. "मुलाला काही कमी आहे का?" असे कोणी हळूच विचारतो, तर कोणी "फार शिकलेत हो, त्याचा परिणाम!" म्हणून मान हलवतो.

वास्तविक ही कल्पना परदेशातून आलेली नवलाई आहे असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षकाने शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी १९७७ साली एक नियतकालिक सुरू केले आणि तिथे ही चळवळ फोफावली, हे खरे. पण त्याच्या शंभर वर्षे आधी, सह्याद्रीच्या रानात गंगामूळ नावाच्या ठिकाणी, एक मराठी आई आपल्या मुलीला घरीच शिकवण्याची तयारी करीत होती. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले होते. त्यांची धाकटी मुलगी १८५८ साली जन्मली. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, घर असे उरलेच नाही. पण दिवसभराची कामे सुरू होण्यापूर्वी, पहाटे, लक्ष्मीबाई त्या मुलीला जवळ घेऊन श्लोक पाठ करवून घेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या मुलीची विद्वत्ता पाहून १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्याच पंडिता रमाबाई. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला, तो त्यांनी आपल्या आईच्याच स्मृतीला अर्पण केला.

आता गंमत पाहा. ज्या रमाबाई घरी शिकल्या, त्यांनीच १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' ही मुलींची शाळा काढली. पुढे केडगावच्या मुक्ति सदनात त्यांनी अक्षरांच्या जोडीला विणकाम आणि छापखाना आणला. लक्ष्मीबाईंसारखी आई हजारांत एखादीला लाभते, बाकीच्यांना शाळा हवी, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? तेव्हा घर चांगले की शाळा, असा कुस्तीचा सामना लावण्यात अर्थ नाही. घरी शिकवायचे म्हटले तर काय काय लागते, आणि कोठे पाय घसरतो, एवढे पाहावे.

आधी कायद्याचे पाहू, कारण पालकांची पहिली धास्ती तीच असते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे असे तो म्हणतो. घरशिक्षणाचे नाव त्यात नाही. ते करणाऱ्या पालकाला शिक्षाही त्यात सांगितलेली नाही. म्हणजे ही वाट राजमार्ग नव्हे, पायवाट आहे. मात्र त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने एक दार उघडे ठेवले आहे: शाळेबाहेर राहिलेले मूल पुढे शाळेत येऊ म्हणाले तर त्याला त्याच्या वयाच्या इयत्तेत घ्यायचे, आणि मागे पडले असेल तर भरून काढण्यासाठी खास शिकवायचे.

परीक्षेचीही सोय आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला वयाची १४ वर्षे पुरी झालेला कोणीही बसू शकतो. एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सुटा सोडवता येतो. शिवाय आपल्या राज्य मंडळाचा 'सतरा नंबरचा फॉर्म' तर मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. २०१६ साली मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीचे प्रमाणपत्र हाती नसताना, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर, अमेरिकेतल्या एम. आय. टी. या विख्यात संस्थेत दाखल झाली. त्या वेळी वर्तमानपत्रांत ती बातमी वाचून पुष्कळांच्या मनात विचार डोकावला असेल. पण अपवादावरून नियम बांधू नये. पदके मिळवणारी मुले शाळेतूनही निघतात आणि घरातूनही. बाकीच्या मुलांचा रोजचा दिवस कसा जातो, हा खरा प्रश्न.

तो पाहण्यासाठी पुण्यातल्या आमच्या परिचयाच्या एका घरात जाऊ. कोथरूडच्या बाजूला तीन खोल्यांचा फ्लॅट. वडील एका कारखान्यात नोकरीला, आई पूर्वी हिशेबतपासनिसाच्या कचेरीत होती. थोरली मुलगी तेव्हा बारा वर्षांची, धाकटा मुलगा आठांचा. जोडीला आजी, आणि चौतीस वर्षे शाळेत काढून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले आजोबा. थोरलीला पहिलीतून काढायचे ठरले, तेव्हा या आजोबांनी दोन दिवस सुनेशी अबोला धरला होता, यात नवल नाही. ज्याने जन्मभर घंटा वाजवली, त्याच्याच घरात घंटा नको म्हणायचे!

आईने नोकरी सोडली. आता ती दुपारी तीन तास घरी बसून दोन दुकानांचे हिशेब लिहिते, तेवढीच तिची मिळकत. सकाळी आजोबा दोन्ही मुलांकडून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेतात; अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि संध्याकाळपर्यंत त्याचा अर्थ काढून आणायचा. नऊ ते अकरा गणित. मग स्वयंपाकघर. जेवणानंतर हातकाम. बुधवारी वाचनालय, शनिवारी वडिलांबरोबर सायकल उघडून पुन्हा जुळवायची. आई रोज रात्री एका वहीत एकेकच ओळ लिहिते: आज मुलांनी काय विचारले. काय शिकवले ते ती लिहीत नाही. "शिकवलेले माझे असते, विचारलेले त्यांचे," असे ती म्हणते.

आमचे लक्ष वेधले ते हातकामाच्या तासाने. शाळेत हस्तकलेचा तास शनिवारी शेवटचा असतो आणि परीक्षा जवळ आली की त्याचाच बळी पहिला जातो. या घरात तो दिवसाचा कणा आहे. यामागचे तत्त्व आपल्याकडे जुने आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने मांडलेल्या 'नई तालीम' योजनेचा गाभाच हा, की मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या भोवती सारे शिक्षण गुंफावे. टकळी हातात घेतली की कापूस कोठला, सूत किती, दाम काय, असे भूगोल आणि गणित आपोआप येतात. पण घरी शिकवणाऱ्या आईला हातकामाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

घरी शिकवणारी आई दिवसभर मुलाची आई असते आणि तीच त्याची परीक्षकही असते. शुद्धलेखन तिने तपासायचे, बेरीज चुकली की तिने खूण करायची, आणि रात्री त्याच मुलाला तिनेच थोपटून झोपवायचे. शाळेत बाईंनी रागे भरले तर मूल घरी येऊन आईच्या पदरात तोंड लपवते. इथे लपवायला पदर कोणाचा? यावर तोड एकच: जिथे जमेल तिथे परीक्षकाची खुर्ची आईने वस्तूला देऊन टाकावी. चकलीच्या भाजणीला आजीचे प्रमाण चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी उडदाची. ते तिप्पट करताना चुकले किंवा मोहन हात सैल सोडून घातले, तर चकली तेलात विरघळते. ती काही रागावत नाही आणि तोंडदेखले शाबासही म्हणत नाही. थोरलीने आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली, तेव्हा थर आधी कच्च्या दोऱ्याने पक्के करायचा तिला कंटाळा आला. मधोमध झोळ पडला. आजी जवळच बसली होती, पण बोलली नाही. मुलीने स्वतःच झोळ पाहिला, एक तृतीयांश गोधडी उसवली आणि पुन्हा धावदोरा घालायला बसली.

गेल्या दिवाळीत धाकट्याने आकाशकंदील करायचा ठरवला. बाजारात घडीचे कंदील ढिगाने मिळतात, त्यामुळे कामट्या मिळवतानाच अर्धा दिवस गेला. एकेक कामटी वीस सेंटिमीटरची, अशा चोवीस कामट्या कापल्या. चारचार बांधून सहा चौकोन केले आणि त्यांचे कोपरे एकमेकांना बांधत गेला. सहा चौकोन जोडले की मधल्या जागांत त्रिकोण आपोआप तयार होतात. मोजले तर आठ भरतात. मुलाला हे कोणी सांगितले नव्हते. तो ओरडतच स्वयंपाकघरात गेला, "आई, मी त्रिकोण केलेच नाहीत, तरी आठ झाले!"

पण कंदील उभा राहीना. हातात धरला की एका अंगाला कलंडायचा, दाबला की चपटा व्हायचा. आई समोर बसली होती. कोठे काय कमी आहे हे तिला दिसत होते आणि तिचे हात शिवशिवत होते. तिने काय केले, तर दोन्ही हात पाठीमागे घेऊन बोटे एकमेकांत गुंतवली. आजोबांनी तेवढे विचारले, "डुगडुगतंय काय रे? सगळा कंदील, की त्यातलं काही?"

मुलाने एकेक आकार बोटांनी ढकलून पाहिला. त्रिकोण जागचा हलत नव्हता. चौकोन मात्र ढकलला की तिरका होत होता. दुसऱ्या संध्याकाळी त्याने चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी कामटी घालायचे ठरवले आणि सवयीने वीस सेंटिमीटरचीच कापली. ती पुरेना. मग दोऱ्याने माप घेतले तर अठ्ठावीस सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर भरले. "प्रत्येक चौकोनात एवढंच का येतं?" असे त्याने बहिणीला विचारले, आणि तिने दोनाचे वर्गमूळ म्हणजे काय ते जमिनीवर खडूने काढून दाखवले. त्याला ते सगळे कळले असेल असे नाही, पण कर्णाची कामटी बाजूच्या सुमारे १.४१४ पट लागते हे तो आता विसरणार नाही. एक कर्ण बांधला, दुसरा बांधला, पाच बांधले. कंदील अजून थोडा डुलतच होता. सहावा बांधला आणि तो ताठ उभा राहिला. आजोबांनी मागाहून आम्हाला सांगितले की बारा गाठींचा असा पोकळ सांगाडा पक्का व्हायला तीसच काड्या लागतात, एकोणतीस पुरत नाहीत, आणि चोवीस अधिक सहा तीसच होतात. त्यांनी ते त्या वेळी मुलाला सांगितले नाही. चौतीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाने असे गप्प बसणे हीही एक तपश्चर्याच म्हणायची. तिसऱ्या संध्याकाळी खळ लावून पतंगाचा कागद चिकटला, झिरमिळ्या लागल्या, आणि किंचित वाकडा का होईना, कंदील गॅलरीत लागला.

इथे हा लेख संपवला असता तर घरशिक्षणाची छान जाहिरात झाली असती. परंतु त्या घरातली खरी परीक्षा पुढे फेब्रुवारीत झाली, आणि ती मुलांची नव्हती.

एके दिवशी थोरली जेवताना म्हणाली, "आई, मला जूनपासून शाळेत जायचंय."

आईने घास खाली ठेवला. सहा वर्षांची वही, सोडलेली नोकरी, नातेवाइकांचे टोमणे, सारे तिच्या डोळ्यांपुढून गेले असणार. ती म्हणाली, "का गं? इथे काय कमी आहे?" मुलगी म्हणाली, "कमी काही नाही. समोरच्या मैदानावर शाळेच्या मुली खो-खो खेळतात. मी रोज बघते. मला बघायचं नाही, खेळायचंय. आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी मला शिकवून बघावं असं वाटतं." यातले पहिले वाक्य आईने समजून घेतले, दुसरे तिला लागले. दोन दिवस ती मुलीला पटवत राहिली. खो-खोचा वर्ग लावू, गणिताला बाहेरचे सर बघू, एक वर्ष थांब. कारणे चांगलीच होती. तिसऱ्या दिवशी आजोबा बोलले. "मी म्हटलं नव्हतं का" एवढे म्हणायची संधी त्यांना सहा वर्षांनी चालून आली होती, ती त्यांनी घेतली नाही. ते म्हणाले, "सूनबाई, कंदील डुगडुगत होता तेव्हा तू हात मागे बांधून बसलीस. मी तुझ्याकडून ते शिकलो. आता इथे हात पुढे का येतोय?"

"बाबा, कंदील आणि मुलगी एक का?" एवढेच ती म्हणाली आणि उठून गेली. प्रश्न चुकीचा नव्हता. वाकडा कंदील पुढच्या वर्षी नवा करता येतो. मुलीचे वर्ष परत येत नाही. पण रात्री वही उघडल्यावर त्या दिवशीच्या तारखेखाली तिला मुलीचेच वाक्य लिहावे लागले, कारण त्या दिवशी मुलीने विचारले होते ते तेवढेच.

या जागी गांधीजींची आठवण होते. दक्षिण आफ्रिकेत असताना गोऱ्यांच्या शाळेत त्यांच्या मुलांना अपवाद म्हणून प्रवेश मिळाला असता. पण इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांना नको, म्हणून त्यांनी ती घरीच ठेवली. काही काळ महिना सात पौंडांवर इंग्रज शिक्षिका ठेवली. पुढे जोहान्सबर्गला घर ते कचेरी जाताना आणि येताना, मिळून पाचेक मैलांच्या रोजच्या चालण्यात, ते मुलांना बोलता बोलता शिकवत. १९१० साली टॉलस्टॉय फार्म वसले. तिथे हर्मान कालेनबाख ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात चपला करायला शिकून आले, त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि गांधीजींकडून इतर. शिक्षक स्वतः करणार नाही ते काम मुलांना सांगायचे नाही, हा तिथला नियम. हातकामाची याहून थोर शाळा कोणती असेल? तरीही थोरल्या हरिलालला रीतसर शिक्षण हवे होते, ते मिळाले नाही ही सल त्याच्या मनातून गेली नाही, आणि १९११ साली तो वडिलांना सोडून शिकण्यासाठी हिंदुस्थानात निघून आला. मुलांना घरी जे मिळाले ते मोलाचे होते असे गांधीजींना अखेरपर्यंत वाटत राहिले; पण नेमाने रोज एक तास त्यांच्या अक्षरज्ञानाला देता आला नाही आणि मुलांची त्याबद्दल तक्रार आहे, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. तत्त्व बापाचे होते. वर्षे मुलाची गेली. घरशिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ते प्रकरण एकदा वाचावे.

आमच्या परिचयाच्या त्या घराने हात आवरला. जूनमध्ये मुलगी वयाप्रमाणे आठवीत दाखल झाली. सारे गोड झाले असे मुळीच नाही. पहिला महिना ती घंटेला दचकत होती. एका तासाच्या मध्येच उठून पुढचा विषय काढायचा, हे तिला अजून पटत नाही. सहामाहीच्या परीक्षेत गणिताचा पेपर अर्धाच राहिला, कारण घड्याळ लावून लिहायची तिला कधी सवयच नव्हती. आता आजोबा रोज संध्याकाळी हातातले घड्याळ टेबलावर ठेवून तिच्यासमोर बसतात. त्यांचा चेहरा त्या वेळी जरा खुललेला दिसतो, हे सांगायला हरकत नाही. खो-खोच्या संघात मात्र ती आहे. धाकटा अजून घरीच शिकतो. "तुला जायचंय का रे शाळेत?" असे आईने त्यालाही विचारले. तो म्हणाला, "किल्ला झाल्यावर सांगतो." आईने ते वहीत लिहून ठेवले आहे.

या वाटेने जावेसे ज्यांना वाटते, त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात असे आम्हाला वाटते. पहिली, वेळ कोणाचा जाणार? बहुतेक घरांत तो आईचाच जातो, तिची नोकरी आणि तिचा पगार जातो. ते आधी कागदावर मांडावे आणि वडिलांनी आपला वाटा नुसता शनिवारपुरता ठेवू नये. दुसरी, आईवडिलांखेरीज मुलाला शिकवणारे आणखी कोणी आहे का? आजी, सुतार, वाचनालयातल्या बाई, पोहण्याचे सर, कोणीही चालेल. पण एकाच तोंडातून सारे जग कळता कामा नये. तिसरी, मुलाला मुलांची संगत. चार भिंतींत शहाणी झालेली मुले खेळाच्या मैदानावर कधी कधी पाहुण्यासारखी उभी राहतात. आणि चौथी, दार आतून उघडे आहे का? शाळेतून काढताना सहा वर्षांच्या मुलाचे मत कोणी विचारत नाही, ते समजण्यासारखे आहे. पण दरवर्षी एकदा ते विचारावे, आणि उत्तर आपल्याला आवडले नाही तरी ऐकावे.

आणि ज्यांची मुले शाळेतच जातात, म्हणजे आपण बहुतेक सारे, त्यांच्यासाठी ही दिवाळीची सुट्टी आहे. दुकानात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, कंदील मिळतो, आणि 'स्वतः करा' म्हणून सगळे तुकडे कापून दिलेले खोकेही मिळते. ते आणले की गॅलरी लवकर सजते, एवढाच फायदा. त्यापेक्षा मुलाला पहिल्यापासून शेवटपर्यंत एक वस्तू करू द्यावी. ती वाकडी झाली तर वाकडीच लावावी. बिल्डिंगमधले कोणी हसले तर त्यांना आत बोलावून चकली द्यावी.

यासाठी लागणारी सामग्री थोडी आहे: वीस सेंटिमीटरच्या चोवीस कामट्या, जाड दोरा, पतंगाचा कागद, वाटीभर कणकेची खळ. कर्णाच्या सहा कामट्या मात्र कापून देऊ नयेत. लांब कामटी तशीच कोपऱ्यात उभी करून ठेवावी आणि आपण करंज्या लाटायला निघून जावे.